न दिलेले डोस

माझ्या मुलीला घटसर्प झाला होता. तिचं नाव स्वरा, वय तेव्हा साडेचार वर्षं. आता ती बरी आहे. अंगणवाडीत जाते, भांडते, ताटात भात टाकते. हे आधीच सांगून टाकते, कारण हॉस्पिटलात बसून मी लोकांचे असे अनुभव वाचायचे तेव्हा सगळ्यात आधी शेवटाकडे जायचे. मूल वाचलं का, एवढंच बघायचे. ते कळल्याशिवाय पहिली ओळ वाचायचा धीर होत नसे.

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या वंदनाताई मला म्हणाल्या होत्या, "मनीषा, आयांच्या मीटिंगला दोन शब्द बोल गो." मी उभी राहिले, समोर वीस-पंचवीस बायका, मांडीवर पोरं. मला तोंडच उघडता आलं नाही. म्हणून लिहितेय.

सुरुवात फोनपासून

आम्ही रोह्याजवळ राहतो. माझा नवरा संदेश धाटावला कंपनीत शिफ्टला आहे. माझं माहेर पेणजवळ. बाबांचा गणपतीचा कारखाना आहे, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मी लग्नाआधीपासून करते. त्यामुळे सीझनचे दोन-तीन महिने मी पेणला, बाकी वर्ष रोह्याला.

स्वराला दीड महिन्याचा डोस दिला तेव्हा तिला ताप आला. मांडीवर सुपारीएवढी गाठ आली. दुपारभर ती एका सुरात रडत होती, छातीला लावली तरी थांबेना. ताप येईल, हे औषध द्या, असं सिस्टरनी उपकेंद्रात सांगितलं होतं. पण रांग मोठी होती, सांगताना त्यांनी मान वर केली नव्हती. आपल्याच पोरीला काहीतरी वेगळं झालंय असं मला वाटायला लागलं. मी फोन घेतला आणि टाइप केलं, डोसनंतर बाळ रडतं.

एक व्हिडिओ बघितला, त्याच्या खाली दुसरा आला. आठवडाभरात फोन मला तेच दाखवायला लागला. एक बाई होती, शांत आवाजाची, मराठीच. ती म्हणायची, "आई, तुझ्या मनाला काय वाटतं ते ऐक." बाळंतपण झाल्यापासून माझ्या मनाला काय वाटतं हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी गेले. तिथे रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "पिल्लू कसं आहे आज?" आणि मग मधूनच एखाद्या बाळाचा फोटो यायचा, डोसनंतर तासाभरात गेलं म्हणून. गाव कोणतं, आईबाप कोण, काही नसायचं. पण बाळाचा चेहरा असायचा. त्यावर कोण शंका घेणार?

पुढचे डोस मी दिले नाहीत. संदेशला सांगितलं, पेणला खासगी डॉक्टरकडे देते, तिकडच्या औषधाने ताप येत नाही. त्याला पटलं. वंदनाताईंना सांगितलं, माहेरी पेणला झाले. पेणच्या आशाताई दारात आल्या की सांगायचं, आमचे रोह्याला असतात. कार्ड मागितलं की ते नेहमी दुसऱ्या गावात राहिलेलं असायचं. चार वर्षं मी हे केलं. सुरुवातीला बोलताना छाती धडधडायची. नंतर तेही बंद झालं.

आणि मी एकटीच यात नव्हते. शबाना माझी मैत्रीण, रोह्याला शिवणक्लासला ओळख झालेली. तिचा नवरा कुवेतला. तिला मुलगी झाली, झोया, तेव्हा शेजारपाजारच्या अनुभवी बाईने सल्ला द्यावा तसे मी तिला ते सगळे व्हिडिओ पाठवले. ती म्हणाली, "तू शिकलेली हायस, तू म्हणतेस ते बरोबर असंल."

टॉन्सिल

त्या वर्षी गणपतीला महिना राहिला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आखणीला बसलेली असताना स्वरा येऊन मांडीवर डोकं ठेवून पडली. अंग कोमट होतं. "घसा दुखतो," म्हणाली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून टॉन्सिल म्हटलं आणि औषध दिलं.

दोन दिवसांनी ती पाणीही गिळेना. लाळ ओघळायची. मान दोन्ही बाजूंनी अशी सुजली की हनुवटी कुठे संपते ते कळेना. श्वास घेताना घरघर यायची, आणि तोंडाला एक वास येत होता, सडल्यासारखा, थोडा गोडसर. मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं की शरीर विष बाहेर टाकतंय, हळदीचं कोमट पाणी द्या, घाबरून हॉस्पिटलला नेऊ नका.

मी हळदीचं पाणी केलं. चमच्याने तिच्या ओठाला लावलं. ते तिच्या नाकातून बाहेर आलं.

बाबा हातातला ब्रश ठेवून उठले. "मनीषा, ही टॉन्सिल नाय. संदेशला फोन लाव, आन् चल."

डॉक्टर मॅडमच्या खोलीत

संदेश पहिली शिफ्ट अर्धी टाकून गाडीवरून थेट पेणला आला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म तसाच होता. आम्ही लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी स्वराला माझ्या मांडीवरून उचलू दिलं नाही. "तिला रडवू नका," म्हणाल्या. टॉर्चने घशात बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिल्या. मग टॉर्च विझवून विचारलं,

"लसी सगळ्या झाल्यात?"

"व्हय मॅडम," संदेश म्हणाला. "सगळ्या. हितंच पेणला दिल्यात."

"बूस्टर? दीड वर्षाचा?"

"सगळ्या," तो परत म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी दुजोरा द्यावा म्हणून.

मी त्या क्षणाबद्दल खूप विचार केला आहे. मला अजूनही लाज वाटते ती याची, की मी लगेच बोलले नाही. माझ्या मनात हिशेब चालू होता की न सांगता भागेल का. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"ताई," मॅडम हळू म्हणाल्या, "मला जे दिसतंय ते टॉन्सिल असेल तर एक औषध, आणि मला शंका आहे ते असेल तर वेगळं. त्यासाठी मुंबईला न्यावं लागेल, आत्ता. तुम्ही सांगाल त्यावर मी पुढचा फोन करणार आहे."

"झाल्या नाहीत," मी म्हणाले. "जन्मल्यावरची आणि दीड महिन्याची. तेवढीच."

संदेश खुर्चीतून उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

मॅडमनी फोन उचलला. त्या इंग्रजीत बोलत होत्या, पण मधे एकदा त्यांनी मराठीत शब्द वापरला, बहुतेक आम्हाला कळावं म्हणून. घटसर्प. हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. आजीच्या माहेरची कुणी पोर त्याने गेली होती. मला वाटायचं तो जुन्या काळातला आजार आहे, देवी होत्या तसा, आता नसतोच.

"लसी देत राहिलो म्हणून दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. रागावून नाही. फोनवर पलीकडचा माणूस येईपर्यंतच्या वेळात सांगितलं, एवढंच.

वाट बघणं

ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वराला धरून बसले, संदेश पुढे ड्रायव्हरशेजारी. पनवेलपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकायचा आणि परत सुरू व्हायचा. मी मोजत होते. मोजायचं थांबवलं तर श्वास थांबेल असं वाटत होतं.

मुंबईच्या हॉस्पिटलात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. घशात एक करडा पडदा धरला होता. तो पसरून खाली उतरला तर श्वासाची वाट बंद होते, आणि त्याचं विष रक्तातून हृदयाकडे जातं. एवढं मला समजलं, जास्त मी विचारलं नाही. विष मारणारं एक औषध असतं, पण ते सगळीकडे ठेवलेलं नसतं. ते दुसऱ्या ठिकाणाहून यायचं होतं. तोवर अँटिबायोटिक चालू केलं. तिच्या उशाशी हिरव्या कपड्यात गुंडाळलेला एक ट्रे ठेवला. हे काय, म्हणून मी सिस्टरना विचारलं.

"श्वास बंद झाला तर गळ्यातून नळी घालायला लागते, त्याचं सामान," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "लागलं तर हाताशी असावं म्हणून. लागेलच असं नाही."

दुपारचे तीन-साडेतीन तास मी त्या ट्रेकडे बघत होते. स्वरा झोपत नव्हती, पडूही शकत नव्हती. बसून, मान पुढे काढून श्वास ओढायची. बोलायला आवाज नव्हता. तिने माझ्या हातावर बोट फिरवलं, कारखान्यात बसून मी तिला शिकवलं होतं तसं, मूर्तीच्या डोळ्याची रेघ. एक डोळा काढला. दुसरा काढायला तिला जोर राहिला नाही.

औषध आलं. आधी थोडंसं टोचून बघितलं, सोसतंय का ते, मग सगळं सलाइनमधून सोडलं. मला आणि संदेशलाही गोळ्या सुरू केल्या, घशातून कापूस फिरवून तपासायला नेला, आणि दंडात इंजेक्शन दिलं. सुई आत गेली आणि बाहेर आली. एका मिनिटाचं काम.

आत एकालाच राहता यायचं. संदेश व्हरांड्यात. तो मला चहा आणून द्यायचा, दारातून पुढे करायचा, आणि जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कप हातात घेतला तरी त्याने सोडला नाही.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू डोस टाळू नको म्हणाला असतास."

"व्हय. नकोच म्हणालो असतो." त्याचा आवाज फुटला. "म्हणूनच तर विचारायचं असतं ना, मनीषा?"

त्यानंतर आठवडाभर आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. लघवी झाली का. डॉक्टर काय म्हणाले. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

दोन फोन

डॉक्टरांनी विचारलं होतं की गेल्या काही दिवसांत स्वरा कुणाकुणाच्या जवळ होती. घरातले, कारखान्यातले. मी नावं सांगत गेले आणि एका नावाशी थांबले. मधे दोन दिवस आम्ही रोह्याला जाऊन आलो होतो, आणि पेणला परत निघण्याच्या आदल्या दिवशी स्वरा शबानाकडे होती. झोयाला मांडीवर घेऊन तिचे मुके घेत होती. झोया सात महिन्यांची. तिला एकही डोस नव्हता, माझ्यामुळे.

मी आधी वंदनाताईंना फोन लावला. सगळं सांगितलं, चार वर्षांचं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मला ठावं व्हतं गो."

"काय?"

"पेणच्या आशाला मी विचारलं व्हतं. ती म्हणाली, रोह्याला होतात म्हणून सांगतात. तवाच कळलं. वर कळवलंही व्हतं मी. पण जबरदस्ती करता येत नाय. म्हटलं, येत राहायचं, कधीतरी ही व्हय म्हणंल." मग लगेच कामाचा आवाज: "शबानाकडं मी डॉक्टरला घेऊन जाते. पण तू आधी फोन कर. आमच्याकडून कळण्यापरीस तुझ्याकडून कळू दे."

शबानाने पहिल्या रिंगला उचलला. "स्वरा कशी हाय? मी दुआ करतेय."

मी सांगितलं. घटसर्प काय असतो ते सांगितलं, आणि झोयाला त्याचा धोका आहे हेही सांगितलं. मी पाठवलेलं सगळं खोटं होतं म्हणाले. पलीकडे झोया काहीतरी आपटून खेळत होती, तो आवाज येत होता.

"तिला काल रात्रीपास्नं खोकला हाय," शबाना म्हणाली.

"वंदनाताई डॉक्टरला घेऊन येतायत," मी म्हणाले.

"मनीषा, माझ्या पोरीला काय झालं ना..." तिने फोन बंद केला.

झोयाच्या घशाची तपासणी झाली. तिलाही गोळ्यांऐवजी पातळ औषध सुरू केलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला लिहिता येणार नाही. माझ्यासमोर एक पोर, आणि रोह्याला दुसरी. रिपोर्ट चांगला आला, खोकला साधा होता. हे मला वंदनाताईंनी कळवलं. शबानाने नाही. तिने माझा नंबर ब्लॉक केला होता.

त्याच सुमारास मी ग्रुपवर लिहिलं. माझ्या मुलीला घटसर्प झालाय, मी डोस दिले नव्हते, तुम्ही द्या. स्वराचा फोटो टाकला, सुजलेल्या मानेचा. दोन मिनिटांत कुणीतरी विचारलं, "किती पैसे मिळाले?" आणि मला काढून टाकलं. ज्या बायकांनी चार वर्षं रोज सकाळी माझं पिल्लू कसं आहे म्हणून विचारलं होतं, त्यांतल्या एकीनेही मला वेगळा मेसेज केला नाही.

उठायचं नाही

मानेची सूज उतरली. पडदा सुटत गेला. ट्रे उशाशीच होता, पण कपड्याची गाठ कुणी सोडली नाही. मला वाटलं सुटलो. मग दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून बघितली आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. हृदयावर परिणाम दिसत होता.

"तिने उठायचं नाही," ते म्हणाले. "बसायचंही नाही. खेळणं नाही, रडणं शक्यतो नाही. हृदयावर जराही ताण नको."

साडेचार वर्षांच्या पोरीला, जिला आता बरं वाटायला लागलंय, तिला दिवसभर पाठीवर झोपवून ठेवायचं. ती म्हणायची, "मी फक्त खिडकीपर्यंत." मी नाही म्हणायचे. ती रडायच्या बेतात यायची आणि मला वाटायचं, आता रडली तर? मशीनचा आवाज थोडा बदलला की मी सिस्टरना हाक मारायचे. सिस्टर प्रत्येक वेळी आल्या. एकदाही वैतागल्या नाहीत. एका दुपारी त्यांनी इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यांची रेल्वे करून स्वराच्या पोटावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही कोलाडला पोचेपर्यंत हलायचं नाही, नाहीतर गाडी पडेल." कोलाड म्हणजे उशी. अर्धा तास ती गाडी पोटावरून उशीपर्यंत सरकत होती.

बाबांचा कारखाना तपासणीसाठी दोन दिवस बंद राहिला होता, ऐन घाईत. मी फोनवर रडले तेव्हा ते म्हणाले, "मूर्ती थांबतील गो. तू पोरीकडं बघ." आखणी त्या वर्षी त्यांनी स्वतः केली. त्यांचा हात कापतो.

संदेश कधी परत बोलायला लागला ते मला नेमकं आठवत नाही. एकदा व्हरांड्यात उभा असताना तो म्हणाला, "मीबी कधी कार्ड बघितलं नाय. चार वर्षांत एकदा म्हणालो असतो ना, दाखव." हे तो मला माफ करायला म्हणाला नव्हता. स्वतःशीच बोलत होता. पण ते ऐकून पहिल्यांदा मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि तो बाजूला झाला नाही.

तीन आठवड्यांनी घरी आलो. स्वरा नाकातून बोलायची, पाणी प्यायली की नाकातून यायचं. ते हळूहळू गेलं, दीड-दोन महिन्यांत. हृदयाची पट्टी आता साफ येते. वर्षभर दाखवायला न्यायचं आहे.

बुधवार

हा आजार होऊन गेला तरी लस लागतेच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आजारपणाने शरीर पुरेसं शिकत नाही. म्हणून बरं वाटल्यावर एका बुधवारी मी स्वराला घेऊन उपकेंद्रात गेले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. इतकं सगळं बघूनसुद्धा. दीड महिन्याच्या त्या दुपारचं रडणं अजून कानात होतं. भीती जाईल आणि मग मी डोस देईन, असं ठरवलं असतं तर मी आजही घरीच बसले असते.

बाकावर शबाना होती. झोया तिच्या मांडीवर. हॉस्पिटलातून केलेल्या त्या फोननंतर आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. स्वरा "झोया!" म्हणून धावली आणि मधेच थांबली, माझ्याकडे बघायला लागली, जाऊ का म्हणून. शबानाने झोयाचा पाय थोडा पुढे केला, स्वराला धरता येईल एवढा.

स्वराचा नंबर आधी आला. ती ओरडली, रडली, आणि मग मला म्हणाली, "झालं पण?" वंदनाताईंनी नव्या कार्डावर तारीख लिहिली.

मग त्यांनी झोयाचं नाव पुकारलं. शबाना उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती परत फिरली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि एवढ्या महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"मला बघवत नाय. तू धर तिला."

तिने पोर माझ्या हातात दिली. मी खुर्चीवर बसले, झोयाला छातीशी घेतलं, तिचा पाय माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सिस्टरना म्हणाले, "द्या."